मदत हवी आहे: म्युनिक शहर आणि म्युनिक जिल्हा वेगळे आहेत का?

निखिल_म्यु: नमस्कार, तातडीची मदत हवी आहे. माझं जर्मनीतलं ब्लू कार्ड (नोकरीसाठीचा राहण्याचा परवाना) २३ तारखेला संपतंय. ऑनलाइन अर्जात म्युनिक शहर निवडलं की पिनकोड या क्षेत्रात येत नाही असं येतं. यादीत खाली ‘लांडक्राइस म्युनिक’ पण आहे. दोन्ही एकच ना? दोन दिवस यातच गेले. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा.

स्नेहल_आ: पिनकोड काय तुमचा? आणि नूतनीकरण आहे की नोकरी बदलली?

निखिल_म्यु: नूतनीकरण. राहतो म्युनिकलाच हो. गाडीची पाटीसुद्धा ‘एम’ची आहे.

स्नेहल_आ: पाटीवर जाऊ नका. शहर आणि भोवतालचा जिल्हा, दोघांनाही ‘एम’च आहे. पिनकोड द्या.

केदार_श्टुटगार्ट: मी सगळे अर्ज कागदावर भरून रजिस्टर पोस्टाने पाठवतो. पावती हातात राहते. तुम्हीही तेच करा. लांडक्राइस म्हणजे आपला जिल्हा आणि लांडराट म्हणजे कलेक्टर, एवढं साधं आहे.

वसंत_काका: केदार, चुकीचं सांगू नका. कलेक्टर सरकार नेमतं. लांडराटला लोक थेट मत देऊन निवडतात, ६ वर्षांसाठी.

केदार_श्टुटगार्ट: काका, इथे दहा वर्षं राहतोय. लोक निवडतात ती जिल्ह्याची सभा, क्राइसटाग. लांडराटला ती सभा निवडते.

वसंत_काका: तुम्ही बाडेन-व्युर्टेम्बर्गचं सांगताय, मी बायर्नचं, म्हणजे म्युनिकच्या राज्याचं. १६ राज्यं, प्रत्येकाचा कायदा वेगळा. निखिलना बायर्नचंच कामाचं.

मृदुला_प: बायर्नमध्ये १९७२ साली मोठी फेररचना झाली. १४३ जिल्ह्यांचे ७१ केले, कुठल्याही जिल्ह्यात न मोडणारी स्वतंत्र शहरं ४८ होती ती २५ उरली. जिल्ह्यांच्या वर ७ रेगीरुंग्सबेत्सिर्क आहेत. आपल्याकडे पुणे विभाग, नाशिक विभाग असतात तसेच, आणि त्यांचा प्रमुखही विभागीय आयुक्तासारखा राज्य सरकारने नेमलेला. हा मधला थर मात्र फक्त चारच राज्यांत आहे. मला हा विषय फार आवडतो, कुणाला हवं असेल तर सविस्तर लिहीन.

निखिल_म्यु: मृदुलाताई, छान माहिती आहे, पण मला अर्ज भरायचाय! पिनकोड ८५७४८. यू-६ मेट्रोने थेट शहराच्या मध्यात मारियेनप्लाट्झला जातो, मग शहराबाहेर कसा?

स्नेहल_आ: म्हणजे गार्शिंग. मेट्रो शहराची हद्द ओलांडून तुमच्याकडे येते. राहण्याची नोंद केली तेव्हा मिळालेला कागद काढा आणि खालचा शिक्का वाचा.

निखिल_म्यु: ‘गार्शिंग बाय म्युनिक’ असं आहे.

स्नेहल_आ: ‘बाय’ म्हणजे जवळ. तुम्ही म्युनिकजवळ राहता, म्युनिकमध्ये नाही. म्युनिक शहर स्वतंत्र आहे, कुठल्याच जिल्ह्यात मोडत नाही. त्याच्याभोवती २९ गावं-शहरांचा लांडक्राइस म्युनिक आहे, त्यातलं एक गार्शिंग. तुमचा परवाना लांडराट्सआम्टकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीकडे. यादीतला खालचा पर्याय निवडा आणि आजच पाठवा. मुदत संपायच्या आत अर्ज पोचला की निर्णय होईपर्यंत जुनं कार्ड चालू धरतात. त्याचं प्रमाणपत्र, फिक्ट्सिओन्सबेशाइनिगुंग, त्यांच्याकडे मागा.

केदार_श्टुटगार्ट: म्हणूनच म्हणतो, पोस्टाने पाठवा.

वसंत_काका: ऑनलाइनचीही पोच मिळते. निखिल, एक लक्षात ठेवा. लांडराट्सआम्टची मुख्य इमारत मारियाहिल्फप्लाट्झला आहे, म्हणजे म्युनिक शहरातच. जिल्ह्याची कचेरी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर! अपॉइंटमेंटच्या पत्रावरचा पत्ता नीट बघून निघा.

निखिल_म्यु: अर्ज गेला, पोचही आली. स्नेहलताई, जीव भांड्यात पडला. बायकोचं भारतीय लायसन्स बदलायचंय, तेही तिथेच का?

स्नेहल_आ: हो, लायसन्स आणि गाडीची नोंदणी लांडराट्सआम्टला. घर बदललंत आणि गार्शिंगमध्येच राहिलात, तर ती नोंद मात्र गार्शिंगच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत.