विषय: पत्रकातील मृत्युदिनांक – «फा. व. ५» कोणती धरावी?

रामबागेतून (शनिवारपर्यंत इंदुरात)

सर्वांना नमस्कार. शनिवारी परतायचे आहे आणि माळ्यावरच्या ट्रंकेतील कागद अजून निम्मेच पाहून झाले आहेत, म्हणून थेट अडचण लिहिते. पणजीच्या निधनाची नोंद घरखर्चाच्या वहीत सापडली आहे. ती «फा. व. ५, संवत १९९३» एवढीच आहे. काका, आपल्या वंशावळीच्या पत्रकात मृत्युदिनांकाचा एकच रकाना आहे आणि तो इंग्रजी तारखेखेरीज काहीच स्वीकारत नाही. आमच्याकडे तिचे श्राद्ध फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे ऐन रंगपंचमीला होत आले आहे. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली असते, सारे शहर रंगलेले असते, आणि आमच्या घरात कोणी रंगाला हात लावत नाही. संवतातून ५६ वजा करून ही पंचमी १९३७च्या मार्चअखेरची येते. तसे भरून टाकू का?

उत्तर: टोरांटोहून, पत्रकाचे काम पाहणारा

ताई, जरूर भरा. रकाना मात्र एकच राहील, कारण मागच्या खेपेस तिथी आणि तारीख असे दोन रकाने ठेवले होते, तेव्हा निम्म्या कुटुंबांनी एकात एक वर्ष आणि दुसऱ्यात दुसरे लिहिले आणि ते जुळवण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. गणेशोत्सवानंतरच्या बैठकीत हा निर्णय सर्वांच्या संमतीने झाला आहे, तेव्हा तो पुन्हा उकरून काढू नये अशी विनंती आहे.

उत्तर: राजेंद्रनगर, इंदूर

अगं, थांब. घाईने भरू नकोस. «व.» म्हणजे वद्य की वदी, हे तू पाहिलेस का? आपण मराठी माणसे महिना अमावास्येला संपवतो, तर माळव्यातले हिंदी भाषक तो पौर्णिमेला संपवतात. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण कृष्णपक्ष आला की त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे जातो. महाशिवरात्र आपल्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशीला असते आणि शेजारच्या शर्माजींच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला असते, दिवस मात्र तोच असतो. त्यामुळे लिहिणारा मराठी वळणाचा असेल तर तुझी पंचमी रंगपंचमी ठरते, आणि हिंदी वळणाचा असेल तर ती आपली माघ वद्य पंचमी, म्हणजे सुमारे एक महिना आधीची, ठरते. शके न लिहिता संवत लिहिला आहे, ही गोष्ट मला खटकते. वही कोणाच्या हातची आहे?

उत्तर: वडोदऱ्याहून

मावशींच्या मुद्द्याला एक जोड देतो. संवताचे वर्षही सगळीकडे एकाच दिवशी बदलत नाही. आमच्याकडे गुजरातेत ते कार्तिकात, दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे चैत्रात. त्यामुळे चैत्र ते आश्विन या महिन्यांत आमचा आकडा एकाने मागे असतो. आजोबांच्या जन्माची श्रावणातली नोंद मी इंदूरच्या हिशेबाने वाचली आणि त्यांना एका वर्षाने मोठे करून ठेवले. पुढे वीस वर्षे तोच आकडा सर्व नातेवाइकांच्या वंशावळींत उतरत गेला, याचे मला आजही वाईट वाटते. फाल्गुनात दोन्ही गणती जुळतात, त्यामुळे ताईंना वर्षाची काळजी नाही. फसलीचे, म्हणजे जुन्या महसुली वर्षाचे, मात्र तसे नाही. इसवी सन काढायला दख्खनच्या फसलीत ५९० मिळवावे लागतात आणि उत्तरेच्या फसलीत ५९२, आणि कागदावर दोन्हींना नुसते «फसली» म्हटलेले असते. एका रकान्यात हे कसे मावणार?

उत्तर: टोरांटोहून

वडोदऱ्याची गणती वडोदऱ्याच्या कुटुंबांसाठी महत्त्वाची आहे, हे मान्य आहे. तथापि आपल्या पत्रकातील बहुतेक घराणी होळकर संस्थानातील आहेत आणि त्यांच्यासाठी चैत्री संवत धरण्याची सूचना मी पत्रकाच्या माथ्यावर स्वतः लिहिली आहे. कृपया ती वाचावी.

उत्तर: राजेंद्रनगर, इंदूर

भाऊजी, तुमच्या सूचनेत वर्ष आहे, पक्ष नाही. पण तो वाद शनिवारनंतर घालता येईल, पोरीला आधी कागद पाहू दे.

ताई, तुमच्याकडे पत्रे तारेत ओवून ठेवत असत, ती तार शोध. निधन कळवणारी कार्डे कोपरा फाडून पाठवत आणि वाचली की घरात ठेवत नसत, पण सांत्वनाची पत्रे बहुधा तारेत राहतात. पत्र लिहिणाऱ्याने आत तिथी घातली तरी पोस्टाचा शिक्का इंग्रजी तारखेचाच असतो आणि त्याला ना वद्य ठाऊक ना वदी. १९३७ची होळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होती. त्याआधीचा एक शिक्का मिळाला तरी प्रश्न सुटला.

तार काढताना पत्रांचा क्रम मोडू नकोस. वरून खाली जसे येईल तसे प्रत्येकाच्या मागे कोपऱ्यात शिसपेन्सिलीने आकडा घाल, दोन्ही बाजूंचे कडेसकट फोटो घे, आणि फोटोच्या नावात तोच आकडा ठेव. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नकोस आणि कोणी कितीही सांगितले तरी लॅमिनेशन करू नकोस. आमच्या घरची सनद त्यात कायमची गेली. माणसांप्रमाणे गठ्ठे लावण्याचा मोहही टाळ, कारण कुठले पत्र कुठल्या पत्राच्या खाली होते हीसुद्धा माहितीच असते.

उत्तर: रामबागेतून

मावशी, तार सापडली. जिन्याखालच्या कोनाड्यात, फाटक्या छत्रीमागे होती. वरून सव्विसावे कार्ड पणजीच्या धाकट्या भावाचे, उज्जैनहून आलेले आहे. अक्षर तारेच्या भोकाने मधोमध गेले आहे, पण «अक्का गेल्याचे कळले» एवढे स्पष्ट वाचता येते, आणि शिक्का ९ मार्च १९३७चा आहे. त्याखालच्या आणखी दोन कार्डांवरही मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातलेच शिक्के आहेत.

मग वही पुन्हा उघडली. आधीची पाने पणजोबांच्या मोडीत आहेत. त्या पंचमीपासून पुढची काही पाने देवनागरीत, वेगळ्या हातची आहेत, आणि त्यात साखरेला «शक्कर» लिहिले आहे. सुतकाच्या दिवसांत हिशेब शेजारच्या कोणीतरी लिहून दिला असावा. म्हणजे पणजी माघ वद्य पंचमीला गेली, आणि पुढे कोणीतरी वहीतली ओळ मराठी डोळ्यांनी वाचून तिचे श्राद्ध रंगपंचमीवर नेले. आईला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, की यापुढे माघात करू, पण रंगपंचमीला मी रंग खेळणार नाही, कारण माझ्या सासूने तो तिच्यासाठी सोडला होता.

काका, म्हणून माझी विनंती आहे की रकाना एकच ठेवा, पण त्याखाली मोकळी जागा द्या. तिथे मी तीन ओळी लिहीन: वहीत जसे आहे तसे «फा. व. ५, संवत १९९३», शिक्क्यांवरून मार्च १९३७चा पहिला आठवडा, कार्ड क्र. २६, आणि घरात आजवर पाळलेली तिथी फाल्गुन वद्य पंचमी. नेमका वार आणि तारीख मी अंदाजाने भरणार नाही. शके १८५८चे पंचांग कोणाकडे असेल, तर माघ वद्य पंचमीच्या पानाचा फोटो शुक्रवारपर्यंत पाठवावा.

उत्तर: टोरांटोहून

ताई, जागा आज रात्री करून देतो. पंचांग माझ्याकडे नाही, पण माझ्या थोरल्या बंधूंच्या लोकमान्यनगरच्या घरी जुन्या पंचांगांची फळी आहे. सकाळी दहानंतर जा, मी त्यांना फोन करून ठेवतो.