यॉर्क : व्हीलचेअरवरून नदीकाठचा पूर्ण फेरा शक्य आहे का?

ऐलतीर (प्रश्न)

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी आईला घेऊन इंग्लंडमधील यॉर्क येथे तीन दिवसांसाठी जाणार आहे. आईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. रोमन लोकांनी इ. स. 71 मध्ये वसवलेले एबोराकम, पुढे व्हायकिंगांचे यॉर्विक आणि आजचे यॉर्क हा एकाच शहराचा प्रवास ती वर्गात नकाशा काढून सांगत असे, त्यामुळे हे शहर तिला दाखवायचे हे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. गेल्या वर्षीपासून मात्र तिला दहा-बारा पावलांपलीकडे चालता येत नाही आणि बाहेर पडताना व्हीलचेअर लागते. खुर्ची ढकलणारी मी एकटीच आहे.

शहराची तटबंदी इंग्लंडमधील सर्वांत लांब मध्ययुगीन तटबंदी आहे, परंतु तिच्यावर पायऱ्यांनीच जावे लागते, हे मला ठाऊक आहे. क्लिफर्ड्स टॉवरलाही टेकाडावर 55 पायऱ्या आहेत. म्हणून निदान ऊझ नदीच्या काठाने एका तीराने जाऊन दुसऱ्या तीराने परत येता येईल असा, कुठेही पायरी नसलेला फेरा मिळतो का, हे विचारायचे आहे. गेल्याच वर्षी दुसऱ्या एका शहरात ‘सर्वांसाठी सुगम’ असे लिहिलेल्या वाटेवर आम्ही गेलो होतो. दीड किलोमीटर उत्तम रस्ता होता आणि शेवटी पुलावर चढायला चौदा पायऱ्या! आल्या वाटेने परत फिरताना आई काही बोलली नाही, पण नंतर दोन दिवस तिने बाहेर पडायचे नाव काढले नाही. तो प्रसंग पुन्हा येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

वाटसरू

आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि एक नव्हे, दोन फेरे शक्य आहेत. मात्र दोन्ही फेरे कशामुळे शक्य झाले ते आधी सांगतो, कारण तेवढे कळले की नकाशा पाहताना कुठे शंका घ्यायची हे आपोआप लक्षात येते.

यॉर्कमध्ये नदीचे काठ सपाटच आहेत. अडचण असते ती पुलांची. शहराच्या मध्यावरचे लेंडल ब्रिज (1863), ऊझ ब्रिज आणि स्केल्डरगेट ब्रिज (1881) हे खालून नौका जाव्यात म्हणून उंच बांधलेले आहेत. त्यामुळे काठावरची वाट पुलाखालून निघून जाते आणि तिथून पुलावर यायचा जवळचा मार्ग म्हणजे दगडी जिना असतो. नकाशावर वाट आणि पूल एकमेकांना छेदताना दिसतात, पण प्रत्यक्षात त्यांच्यात एका मजल्याएवढे अंतर असते. बहुतेकांची फसगत नेमकी इथे होते, आणि मला वाटते आपल्या बाबतीतही तेच झाले असावे. यॉर्कची ही अडचण अलीकडच्या दोन पुलांनी सोडवली आहे. दक्षिणेकडचा मिलेनियम ब्रिज 2001 साली खुला झाला, तो केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आहे. उत्तरेकडचा स्कारबरो ब्रिज हा रेल्वेपूल आहे. त्याला पूर्वी चिकटून असलेली पायवाट जेमतेम दीड मीटर रुंदीची होती आणि तिला दोन्हीकडे पायऱ्या होत्या. 2019 साली तिच्या जागी 3.7 मीटर रुंदीचा, दोन्ही काठांवर रॅम्प असलेला नवा पादचारी पूल बसवण्यात आला.

उत्तरेचा फेरा छोटा आहे आणि पहिल्या दिवशी तोच करावा. रेल्वे स्थानकाच्या बाजूने एक वाट थेट स्कारबरो ब्रिजच्या पातळीवर येते. पूल ओलांडून रॅम्पने खाली उतरलात की डेम जूडी डेंच वॉक लागतो. या अभिनेत्रीचा जन्म यॉर्कचा, म्हणून काठाच्या या भागाला त्यांचे नाव दिले आहे. तिथून लेंडल ब्रिजच्या जिन्यापर्यंत जाऊ नका. अलीकडेच डावीकडे म्युझियम गार्डन्सचे नदीकाठचे फाटक आहे, त्यातून आत वळा. बागेतली वाट वरच्या रस्त्याकडे चढत जाते, त्यामुळे ढकलताना थोडा दम लागेल, परंतु पायरी नाही. वर रस्त्याला लागलात की लेंडल ब्रिजच्या पदपथावरून स्थानकाकडे परत. बाग संध्याकाळी बंद होते, हे मात्र ध्यानात ठेवा, कारण फाटकाला कुलूप लागले की पुढे जिनाच उरतो.

आपल्या आईंसाठी या बागेत मल्टँगुलर टॉवरपाशी अवश्य थांबा. खुर्ची भिंतीच्या पुष्कळ जवळ नेता येते. खालचे लहान, एकसारखे घडवलेले दगड आणि त्यांच्यामधून गेलेला तांबड्या विटांचा पट्टा रोमन आहे, आणि त्याच्यावरचे मोठे दगड मध्ययुगीन. हजारएक वर्षांचे अंतर बसल्या जागेवरून, मान किंचित वर करून, एकाच भिंतीत पाहता येते. सेंट मेरीज अॅबीचे भग्नावशेषही याच बागेत आहेत.

दक्षिणेचा फेरा मोठा, म्हणजे अडीच-तीन किलोमीटरांचा आहे. क्लिफर्ड्स टॉवरजवळच्या टॉवर गार्डन्सपासून सुरुवात करा. फॉस नदी जिथे ऊझला मिळते तिथला छोटा ब्लू ब्रिज ओलांडला की न्यू वॉक सुरू होतो. नाव ‘न्यू’ असले तरी ही वाट 1730 च्या दशकातली, शहरातल्या प्रतिष्ठितांना फिरायला म्हणून मुद्दाम आखलेली आणि झाडांनी सावली धरलेली आहे. वाटेत जॉन कार या वास्तुविशारदाने बांधलेले पाइकिंग वेलचे दगडी घर दिसते. पुढे मिलेनियम ब्रिजवरून पलीकडे जाऊन टेरी अव्हेन्यूने परत यायचे. उत्तर टोकाला स्केल्डरगेट ब्रिजखाली पोहोचण्याच्या आधीच क्लेमेंथॉर्प या रस्त्याने वर वळावे आणि रस्त्याच्या पातळीवरून पुलावर यावे, म्हणजे जिना टळतो.

संथवाट

वाटसरू यांनी सांगितलेल्या दोन्ही वाटांवरून मी स्वतः व्हीलचेअरने गेले आहे. मार्गाविषयी माझे काही म्हणणे नाही, परंतु दक्षिणेच्या फेऱ्याची दिशा मी उलटी ठेवीन. क्लेमेंथॉर्पचा चढ शेवटी ठेवलात तर तीन किलोमीटर ढकलून दमलेल्या हातांनी तो चढावा लागेल. त्याऐवजी आधी स्केल्डरगेट ब्रिज ओलांडून तो उतार सुरुवातीलाच उतरा, मग पुढे जवळजवळ सगळी वाट सपाट आहे. पदपथाची कड उतरताना खुर्ची पाठमोरी करा, म्हणजे मोठी चाके आधी खाली जातात आणि आईंना पुढे कलंडण्याची भीती वाटत नाही.

या दिशेने गेल्यास रोनट्री पार्क निम्म्या वाटेच्या आधीच लागते. कोको कारखान्यातील जे कामगार पहिल्या महायुद्धात मरण पावले, त्यांच्या स्मरणार्थ रोनट्री कंपनीने 1921 साली ही बाग शहराला दिली. इतिहासाच्या शिक्षिकेला ती बागेपेक्षा स्मारक म्हणूनच जास्त भावेल. मिलेनियम ब्रिजवर कठड्याला लागून टेकायला रुंद पट्टी आहे, तिथे आपण दोघी थोडा वेळ थांबा. खुर्ची ढकलणारी व्यक्ती सतत मागे असते, त्यामुळे बोलणे पाठीशी होते आणि चेहरा दिसत नाही. मला स्वतःला फेरफटक्यातली ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते. बाकापाशी थांबाल तेव्हा खुर्ची बाकासमोर न लावता बाकाशेजारी, नदीकडे तोंड करून लावा. दोघींना एकच दृश्य दिसते.

किंग्ज स्टेथ हा जुना धक्का आणि शँबल्सची गल्ली इथे गोट्यांची फरसबंदी आहे. खुर्चीची पुढची लहान चाके दोन दगडांच्या फटीत अडकली की बसलेल्या माणसाला गुडघ्यापासून मानेपर्यंत हिसका बसतो. शँबल्स पाहायचीच असेल तर सकाळी लवकर, गर्दी नसताना, खुर्ची मागे कलवून केवळ मोठ्या चाकांवर थोडे अंतर न्या. किंग्ज स्टेथ मी पुलावरूनच पाहते.

अपंगांसाठीची सार्वजनिक स्वच्छतागृहे इंग्लंडमध्ये अनेकदा कुलूपबंद असतात आणि ती ‘रेडार की’ नावाच्या एकाच किल्लीने उघडतात. ती किल्ली निघण्यापूर्वीच मागवून ठेवा.

पूररेषा

पायऱ्यांचा विचार झाला, आता पाण्याचा करायला हवा. ऊझला स्वेल, युअर आणि निड या नद्यांचे पाणी मिळते आणि त्या यॉर्कशर डेल्सच्या डोंगरांतून येतात. त्यामुळे यॉर्कमध्ये स्वच्छ ऊन पडलेले असतानाही आदल्या दिवशी डोंगरात झालेल्या पावसाने नदी चढू शकते. नोव्हेंबर 2000 मध्ये पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे 5.4 मीटर वर गेले होते, आणि 26 डिसेंबर 2015 रोजी फॉस बॅरिअरच्या पंपघरात पाणी शिरू लागल्याने तो अडसर उचलावा लागला होता. हा बॅरिअर 1987 पासून ऊझचे पाणी फॉसमध्ये उलटे शिरू देत नाही. ब्लू ब्रिजजवळून जाताना तो आपल्याला दिसेल.

मे महिन्यात एवढ्या मोठ्या पुराची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु काठावरची वाट बुडायला मोठा पूर लागत नाही, आणि पाणी ओसरल्यानंतर वाटेवर जो गाळाचा पातळ थर राहतो तो चाकांना पाण्याइतकाच वाईट. पायी चालणारा माणूस त्यातून कडेकडेने निघून जातो, खुर्चीला मात्र तो थर ओलांडूनच जावे लागते आणि तिची चाके निसटतात. पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर यॉर्कमधील ‘व्हायकिंग रेकॉर्डर’ या मापकाची पातळी दिवसभर दिसत असते. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे हे पाहा. चढत असेल तर दक्षिणेचा फेरा पुढच्या दिवसावर ढकला. स्कारबरो ब्रिजवर मात्र स्थानकाच्या बाजूने काठावर न उतरताच येता येते, त्यामुळे नदी चढलेली असली तरी पुलापर्यंत जाऊन वरून ती पाहता येईल.

ऐलतीर

आपणा तिघांचेही मनापासून आभार. पहिल्या दिवशी दुपारी उत्तरेचा फेरा, बाग बंद होण्याच्या पुष्कळ आधी, आणि दुसऱ्या दिवशी संथवाट यांनी सांगितलेल्या दिशेने दक्षिणेचा, असे ठरवले आहे. नदी चढती असेल तर दक्षिणेचा फेरा तिसऱ्या दिवशी करू, म्हणून तो दिवस पूर्ण मोकळा ठेवला आहे. रेडार की आजच मागवली. रोमन आणि मध्ययुगीन दगडांविषयीचा मजकूर आईला वाचून दाखवला, तर तिने विटांचा पट्टा जमिनीपासून किती उंचीवर आहे असे विचारले. बसून तो नीट दिसेल ना, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते.

वाटसरू

नीट दिसेल. भिंतीपासून चार-पाच पावले मागे राहा, अगदी जवळ गेल्यास उलट मान जास्त वर करावी लागते.