अंगणातला पाला आणि कालची थालीपिठे

घर क्रमांक ७, काकू
सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी पाऊस असा कोसळत होता की भाजी आणायला बाहेर पडणे शक्यच नव्हते, आणि नेमके त्याच वेळी ग्वाल्हेरचे दीर-जाऊ दारात उभे राहिले. घरात दोन कांदे आणि डब्याच्या तळाशी जेमतेम वाटीभर भाजणी होती. छत्री घेऊन मी फाटकापाशी गेले, शेवग्याच्या खालच्या फांदीचा कोवळा पाला ओरबाडला आणि जास्वंदीच्या कुंडीत आपोआप उगवलेली घोळ खुडली. भाजणी पुरणार नाही हे दिसतच होते, म्हणून सकाळचे उरलेले पोहे पाण्याच्या हबक्याने मऊ करून तिच्यात कुस्करले, आणि तिखटाऐवजी जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला, घातले. थालीपिठाला मध्ये भोक पाडून तेल सोडले, झाकण ठेवले, आणि काढून पाहते तो पोह्यांमुळे कडा चकलीसारख्या कुरकुरीत झालेल्या, तर आतला पाला हिरवागार आणि मऊ. जाऊबाईंनी कृती लिहून मागितली, पण प्रमाण काय सांगणार? जे हाताशी आले तेच प्रमाण होते, आणि मला त्याचाच आनंद रात्रभर पुरला.

घर क्रमांक ३, वहिनी
काकू, आमच्याही कुंड्यांत घोळ दिसते, पण तीच आहे हे ओळखायचे कसे?

घर क्रमांक ७, काकू
घोळीचा देठ मांसल आणि पाणीदार असतो. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुसरेच तण आहे. ते मुळीच खाऊ नका.

घर क्रमांक १२, आजोबा
काकूंचा संदेश वाचून फार बरे वाटले. आमच्या फाटकाजवळ यंदा लाल भोपळ्याचा वेल आला आहे. तो कोणी लावलेला नाही, खताच्या ढिगातून स्वतःच वर आला. हा ढीग मी आपल्या गावाचे नाव लाभलेल्या पद्धतीने रचतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेचे प्रमुख होते, आणि पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ढीग अधूनमधून वरखाली करून साधारण तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत त्यांनी येथे बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. माझ्याकडे गाय नाही, त्यामुळे गोठ्यातून आणलेले थोडे शेण, भाज्यांची साले आणि कडुनिंबाचा वाळका पाला एवढ्यावर भागवतो. ओल्या सालांवर प्रत्येक वेळी वाळका पाला पसरला, तर वास येत नाही. आपली माळव्याची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हे खत मिसळल्यापासून ती मुठीत घेतली तर भुसभुशीत लागते.

भोपळ्याची फुले मात्र पाहून तोडावीत. ज्या फुलाच्या मागे चिमुकला भोपळा असतो ते मादी फूल, त्याला हात लावायचा नाही. लांब, बारीक देठाचे नर फूल घ्यावे, आणि मधमाश्यांसाठी वेलीवर दोन-चार ठेवावीत. आज सकाळी सहा फुले मिळाली. आतले केसर काढून, बेसनात ओवा घालून भजी केली. नात म्हणाली, ‘आजोबा, फुलं संपली?’

घर क्रमांक ३, वहिनी
आमच्या दारापुढे जेमतेम चार फुटांची जागा आहे आणि ऊन दुपारपर्यंतच असते. शेवगा लावण्याचा मोह होतो आहे, पण जमेल का?

घर क्रमांक ७, काकू
वहिनी, शेवग्याला भरपूर ऊन लागते, आणि मुळाशी पाणी साचले की तो कुजतो, म्हणून तुमच्याकडे तो नको. गवती चहा, पुदिना आणि अळू लावा. सांडपाण्याच्या नळीजवळची ओल अळूला मानवते. वडीसाठी काळ्या देठाचे घ्या, आणि शिजवताना चिंच विसरू नका, नाहीतर घसा खाजेल. माझ्याकडे अळूचे कंद बरेच आहेत. उद्या सकाळी पिशवी तुमच्या फाटकाला अडकवून ठेवते.

घर क्रमांक १२, आजोबा
वहिनी, खत मी आणून देतो; घमेले तेवढे तयार ठेवा.