खानापूर भागातली दोन गळकी घरं दुरुस्त करायची आहेत: कौलं किती, भिंतीला काय लावायचं?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. ईस्टर झाल्यावर आमच्या चर्चचं युवक मंडळ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात दोन घरं दुरुस्त करून देणार आहे. दोन्ही कुटुंबं चर्चची नाहीत. पहिलं घर 20 बाय 15 फूट, मंगळुरी कौलं, दोन पाखं (छपराच्या उतरत्या बाजू). आढ्याखाली (दोन्ही पाखं वर मिळतात तिथं) आणि पाखाच्या मधोमध गळतं, चार-पाच वाशांना वाळवी आहे. दुसऱ्या घराची मातीची भिंत 18 इंची. पावसाच्या बाजूनं ती खालचा दीड फूट झिजलीय आणि वर पोट काढलंय. आम्ही दहा-बारा जण, पण सुतारकाम कुणालाच येत नाही. सुतार आणि गवंडी रोजानं घेऊ. आमच्यातले नोकरीवाले शनिवार-रविवारीच येऊ शकतात. माल किती लागेल? आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा चालेल का?

रीप_वासा
कौलांचा हिशेब जमिनीवरच्या 300 चौरस फुटांवर करू नका, हमखास कमी पडतात. 15 चं निम्मं साडेसात, त्यात वळचणीचा (भिंतीबाहेर येणाऱ्या छपराचा) दीड फूट, झाले नऊ. दोन फुटांना एक फूट असा उतार असेल तर पाखाची तिरकी लांबी 10 फूट येते. दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर काढलं की लांबी 22. म्हणजे दोन पाखांचे 440 चौरस फूट. शंभर फुटांना साधारण 140 कौलं, म्हणून 615, फुटतूट धरून 680. आढ्याची कौलं वेगळी, 22 ते 24.

एवढी सगळी नवी घ्यावी लागणार नाहीत. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला टाका. जी राहतील त्यांच्या खाचांतली माती आणि शेवाळ तारेच्या ब्रशनं काढा. निम्मी गळती त्या तुंबलेल्या खाचांचीच असते.

भर घालायला जुनी कौलं विकत घेणार असाल तर पाठीवरचा कारखान्याचा छाप बघून घ्या. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेनं 1865 साली मंगळूरच्या जेप्पूला कौलांचा कारखाना काढला (मिशनचंच काम, बघा) आणि पुढं तोच घाट बाकीच्या कारखान्यांनी उचलला. दिसायला सगळी सारखी, पण साचे वेगळे. दोन छापांची कौलं एका ओळीत बसवली की खाच खाचेत नीट बसत नाही आणि वाऱ्याचा पाऊस सरळ आत येतो. एका पाखावर एकच छाप ठेवा.

रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) 2 बाय 1 इंची. ओळी 11, पाखं दोन, म्हणजे सुमारे 500 फूट. अंतर साडेबारा इंचांच्या आसपास येतं, पण सुताराला तो आकडा सांगू नका. दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून एकदा ताणून मोजा, एकदा दाबून मोजा, आणि दोन्हींचा मध्य धरून दहानं भागा.

मधोमध गळतं म्हणजे कौल फुटलंच असेल असं नाही. वासा वाकला की पाखाला खळगा पडतो आणि सांधे उघडतात. वाळवी लागलेल्या वाशात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, विशेषतः भिंतीत शिरणाऱ्या टोकाला. नुसता वरचा पापुद्रा गेला असेल तर जुना न काढता शेजारी नवा वासा जोडून बोल्ट मारा. आत पोकळ लागला तर बदलण्यावाचून इलाज नाही.

कौलांच्या सांध्यात सिमेंट भरायचा मोह होतो, तो आवरा. पाणी तिथंच अडतं आणि पुढच्या शाकारणीला कौल फुटल्याशिवाय निघत नाही. सिमेंट फक्त आढ्याला, एकास तीन. त्याला आठवडाभर पाणी मारावं लागतं, तेव्हा रविवारी संध्याकाळी निघताना घरच्यांच्या हातात झारी देऊन या.

एका वेळी एकच पाख उघडा. मे महिन्यात दुपारी चारला वळीव कुठून येतो कळत नाही. ताडपत्री आढ्यावर बांधूनच ठेवा.

चिरा_माती
एक पाख पूर्ण उघडण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. एका पाखावरच्या 300 कौलांचं वजन, अडीच किलोच्या हिशेबानं, साडेसातशे किलो होतं. आत तुळई (दोन भिंतींना जोडणारं आडवं लाकूड) नसेल तर दोन्ही पाखं एकमेकांना रेटून उभी असतात. एका बाजूचं ओझं उतरलं की भरलेली बाजू आढं ढकलते आणि वासे भिंतीवरून सरकतात. म्हणून लांबीतला सहा फुटांचा पट्टा घ्या आणि दोन्ही बाजूंनी आढ्यापासून वळचणीकडे बरोबरीनं उतरवा. तो पट्टा भरूनच पुढच्याला हात लावा. कौलं चढवताना खालून वर जायचं, तेही दोन्हीकडे सारखं. सहा फुटांवर ताडपत्री टाकणंही सोपं.

आता भिंत. सिमेंटचा गिलावा नकोच. मातीची भिंत ओल पिते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रा सुटतो, आणि तोवर मागची माती भुसभुशीत झालेली बाहेरून दिसतही नाही.

पोट किती आलंय ते ओळंबा लावून मोजा. 18 इंची भिंतीत तीन इंचांपर्यंत असेल तर ठेवता येते. त्याच्या पुढं गेली असेल तर वाशांना आतून टेकू द्या आणि तेवढा भाग गवंड्याकडून उतरवून पुन्हा बांधून घ्या. त्या वेळी पोरांनी भिंतीपासून लांब राहायचं. पोट का आलं तेही शोधा. बहुधा वरून भिंतीच्या माथ्यात पाणी मुरत असतं, नाहीतर वासे बाहेर रेटत असतात. कारण तसंच ठेवून भिंत बांधली तर तीही पोट काढणार.

खालचा दीड फूट झिजतो तो पागोळ्यांच्या उडणाऱ्या पाण्यानं. तिथं चिरा (घडीव दगड) घालायचा, पण सलग उकरायचं नाही. तीन फूट उकरा, चिरा बसवा, वरच्या फटीत दगडी चिपा ठोकून गच्च करा. मग पुढचे तीन फूट सोडून त्यापलीकडचे घ्या. राहिलेले तुकडे पुढच्या शनिवारी. वीकेंडचं काम इथं पथ्यावर पडतं, मधले पाच दिवस ते सुकायला लागतातच. वळचण दोन फूट बाहेर काढा आणि पागोळ्या पडतात तिथं उताराचा चर ठेवा. चर केला नाही तर चिऱ्याचा उपयोग नाही.

गिलाव्याला तिथलीच तांबडी माती घ्या. निपाणी-चिकोडीकडची काळी आणू नका, ती सुकताना तडकते. भाताचा पेंढा दोन इंच तोडून, माती भिजवून आठवडाभर कुजू द्या आणि अधूनमधून तुडवा. वाळू किती घालायची ते भिंतच सांगते. एकास एक, एकास दोन, एकास तीन असे फूटभराचे तीन ठिगळ लावून चार दिवस ठेवा. तडा गेला तर वाळू वाढवा, बोटानं झडली तर कमी करा. 20 बाय 8 फुटांच्या भिंतीला इंचभर जाडी म्हणजे 13 घनफूट, सैल मालाचं 18 धरा. दोन थर करा, पहिला खरवडून मगच दुसरा.

पंचायत_कट्टा
माल आणण्याआधी पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटा. तीन गोष्टी विचारा. जागेचा ई-स्वत्तू उतारा (पंचायतीकडची मालमत्तेची ऑनलाइन नोंद) कुणाच्या नावावर आहे? घरकुल यादीत नाव आहे का? असेल तर तुमच्या दुरुस्तीनं घर कच्च्यातून पक्क्यात तर जाणार नाही ना? प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला सपाट भागात 1.20 लाख मिळतात. तुमच्या वीस-तीस हजारांच्या कामापायी ते जायला नकोत. तिसरं, पावसानं पडझड झाल्याची भरपाई मागितली असेल तर पंचनाम्याआधी एक कौलही हलवू नका.

गाव भीमगड अभयारण्याच्या हद्दीत किंवा वनजमिनीवर असेल तर आधी वनखात्याशी बोला. वासे आणि बांबू जंगलातून तोडायचे नाहीत, सॉ मिलमधून आणा आणि पावती टेम्पोतच ठेवा. तपासणी नाक्यावर तीच विचारतात.

धर्माच्या बाबतीत स्पष्ट लिहितो. 2022 सालच्या कर्नाटकाच्या धर्मांतरविरोधी कायद्यात आमिषाची व्याख्या रुंद आहे, भेटवस्तू आणि पैसासुद्धा त्यात येतो. म्हणून कामाच्या जागी पत्रकं नकोत आणि दुरुस्तीच्या दिवशी त्या अंगणात प्रार्थनासभाही नको. तुमची प्रार्थना निघण्याआधी चर्चमध्ये होऊ द्या. घरमालकाचं साधं संमतिपत्र मराठीत किंवा कन्नडमध्ये घ्या, कामाचं वर्णन आणि "कुठलीही अट नाही" हे वाक्य त्यात असू द्या. घराची निवड करायला सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेची जुनी रीत चांगली आहे, दोघांनी मिळून घरी जायचं. एकट्याच्या डोळ्याला जे सुटतं ते दुसऱ्याला दिसतं, आणि आजीबाईंनाही एकट्या परक्या पोराशी बोलायचं अवघड वाटत नाही. बॅनर लावून कुटुंबाचे फोटो काढू नका.

छपरावरून विजेची सर्व्हिस वायर जात असेल तर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनमनला सांगून त्या दिवसापुरती सोडवून घ्या. ओल्या रिपेवर उभा राहिलेला माणूस आणि सोललेली वायर, अपघाताला एवढं पुरतं.

जांबोटी_रोड
खूप आभार सगळ्यांचे. एका घराचा उतारा तिथल्या आजींच्या दिवंगत यजमानांच्या नावावर निघाला, पीडीओंना सोमवारी भेटतोय. अजून एक. दुसऱ्या घराला कौलांऐवजी पत्रे टाकले तर भिंतीवरचा भार कमी होईल ना?

रीप_वासा
चिरा_माती यांचं पट्ट्याचं म्हणणं बरोबर आहे, तुळई नसेल तर तसंच करा.

पत्र्यानं भार कमी होतो हे खरं. पण हलका पत्रा वाऱ्यानं उचलला जातो, म्हणून रिपा वाशांना आणि वासे भिंतीत पुरलेल्या तारेला बांधावे लागतात. रंगीत पत्रा 0.5 मिलिमीटरचा घ्या. हुक बोल्ट पत्र्याच्या नळीच्या (उंचवट्याच्या) माथ्यावर मारा, खळग्यात मारला की पहिल्याच पावसात तिथून टपकतं. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर फोडू नका, कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ओले करून अख्खे उतरवा. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही, तेव्हा घरच्यांना विचारून ठरवा.

पोरांना कामं अशी द्या: खाली साखळी करून एका वेळी दोनच कौलं पुढं सरकवणं, ब्रश मारणं, चिखल तुडवणं, चर खणणं. वर फक्त सुतार आणि त्याचा गडी, तेही वाशांवर आडव्या टाकलेल्या फळीवरून. खाली त्या पट्ट्यात कुणी उभं राहायचं नाही. वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं पाठीच्या भोकातून तारेनं रिपेला बांधा. खानापूरकडे वाऱ्यापेक्षा माकडंच जास्त कौलं काढतात. वीस-पंचवीस चांगली कौलं, त्याच छापाची, घरामागं रचून ठेवा.