शब्दचर्चा : क्षितिज, शीव की टप्पा?

रावेरहून विचारतो आहे. भाचा अकरावीला, विज्ञान शाखेत. परवा रात्रपाळीची वीज यायची वाट बघत आम्ही दोघं केळीच्या बांधावर बसलो होतो. उत्तरेला सातपुडा काळा पडत चाललेला. तो म्हणाला, "मामा, 'विश्वाचं क्षितिज' म्हणजे दिसतं तिथपर्यंत, की जाता येतं तिथपर्यंत?" मला सांगता आलं नाही. एकाच शब्दाने दोन्ही अर्थ घ्यायचे का?

अमळनेरहून :
भाऊ, भाच्याने नेमकं बोट ठेवलं. अंतरं दोन आहेत. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं, पण प्रकाश वाटेत असताना अवकाशही ताणलं गेलं. म्हणून दृश्य विश्वाची कड आज चहूबाजूंना सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. हे झालं दिसण्याचं. जाण्याचं म्हणाल, तर आज प्रकाशाच्या वेगाने निघालं तरी साधारण १६-१७ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडे कधीच पोहोचता येणार नाही. घनफळाने मोजलं तर जे दिसतं त्यातले शंभरात जेमतेम पाच भाग. यान हळू चालतं हे त्याचं कारण नव्हे. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं. तो वाढत नसता, तर प्रकाशाने कधी ना कधी त्या पलीकडच्या दीर्घिकांना, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांना, गाठलं असतं.

आता शब्द. क्षिति म्हणजे पृथ्वी, तिच्यापासून झालेलं ते क्षितिज; संस्कृतात झाडाला आणि मंगळालाही क्षितिज म्हणतात. दिसण्याच्या कडेला हा शब्द शोभतो, कारण काळ जाईल तसा आणखी दूरचा प्रकाश येऊन पोहोचतो आणि नवा मुलूख नजरेत येतो. जाण्याच्या कडेला मात्र तो फसवा आहे. तिथे नवीन काही हाती येत नाही, उलट जातं.

धुळ्याहून :
'दृश्य विश्व' आणि 'गम्य विश्व' अशी जोडी का नको? गम् म्हणजे जाणे, त्यावरूनच दुर्गम.

अमळनेरहून :
सुचला होता. पण मराठीत 'अगम्य' म्हटलं की न कळणारं, असंच वाचलं जातं. या दीर्घिका कळतात, दिसतात, फक्त गाठता येत नाहीत.

चोपड्याहून :
माझं मत 'शीव'. सीमा या शब्दाचंच हे घरगुती रूप, आणि शीव म्हटलं की तिच्या आतलं शिवार आलंच. आमचं गाव तापीकाठी. पुरात कड ढासळते, बांधासकट जमीन नदीत जाते. इथेही तसंच होतं. शीव जवळपास तिथल्या तिथे, पण दीर्घिका एकेक करून तिच्याबाहेर सरकत जातात. त्यांचा जुना प्रकाश अजून येत राहतो, म्हणून त्या दिसतात. आमची आजी म्हणायची, "दिखस तितलं आपलं नही." ती सातपुड्यातल्या जंगलाबद्दल बोलायची, पण मला हे वाचताना तीच आठवली.

'टप्पा' मी ठेवीन तो माणसाच्या खऱ्या आवाक्यासाठी. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं, सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातंय. सूर्य सोडला तर आपल्या सर्वात जवळचा तारा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर. त्या चालीने तेवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील.

रावेरहून :
सगळ्यांचे आभार. काल भाच्याला असं सांगितलं: बघण्याला क्षितिज, जाण्याला शीव, आजच्या यानांना टप्पा. त्याने लगेच विचारलं, मग देवयानी दीर्घिका कुठे? २५ लाख प्रकाशवर्षं दूर, पण गुरुत्वाने आपल्या आकाशगंगेशी बांधलेली, म्हणजे शिवेच्या आत आणि टप्प्याबाहेर. ही विभागणी त्याला पटली. आता त्याला शिवेबाहेर गेलेल्या दीर्घिकांसाठी एक शब्द हवाय. आमच्याकडे पुरात गेलेल्या जमिनीला 'वाहून गेली' एवढंच म्हणतात. चोपड्याकडे काही वेगळा शब्द आहे का?