काल्पनिक सैन्याची चिलखती गाडी: आधी तोफ की आधी चासी?

चासीनंबर
काल रणवेडा यांनी इथे आपल्या काल्पनिक देशाच्या सैन्याची चिलखती गाडी मांडली. साल १९३१, दीड टनी (म्हणजे दीड टन माल नेणाऱ्या) चार चाकी ट्रकची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, चौफेर १५ मिमी चिलखत, ३७ मिमी तोफ, दोन मशीनगन आणि ताशी ८० किमी. खाली नुसती वाहवा. वाचून डोकं उठलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

जरा वजन मांडा. १ चौरस मीटर, १० मिमी जाड पोलादी पत्रा ७८ किलो भरतो. १५ मिमीचा जवळजवळ ११८. साडेचार मीटर लांब, १.८ रुंद आणि १.६ उंच डबा धरला, तळ सोडला, तरी २८ चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे ३.३ टन नुसतं पोलाद, तेही दीड टनी चासीवर. तोफेचा फिरता बुरूज, तोफ, गोळे, पेट्रोल, चार माणसं अजून चढायचीच आहेत. पहिल्याच नाल्यात मागचे पाटे (स्प्रिंगा) तुटतील.

ब्रिटिशांची १९१४ची रोल्स-रॉइस चिलखती गाडी बघा. १२ मिमीपर्यंत चिलखत, बुरुजात एकच विकर्स मशीनगन, तरी वजन ४ टनांच्या वर. खाली रोल्स-रॉइसच्याच सिल्व्हर घोस्ट मोटारीची दणकट चासी होती म्हणून निभावलं, आणि तरीही मागे दुहेरी चाकं द्यावी लागली. तीच गाडी १९४१ला इराकमध्ये लढत होती. चिलखती गाडीचं काम शत्रू कुठे आहे ते बघून जिवंत परत येणं. तोफेपासून आखणी सुरू केली की हे काम बाजूला पडतं.

रणवेडा
रोल्स-रॉइस श्रीमंत साम्राज्याची गाडी होती. माझ्या देशाकडे परवान्यावर बनवलेले फोर्ड ट्रक आहेत, त्यातूनच काय ते उभं करायचंय. रशियाने हेच केलं ना? त्यांची बीए-१० चिलखती गाडी फोर्डच्याच वंशावळीतल्या गाझ ट्रकवर उभी आहे आणि तिच्यावर ४५ मिमी तोफ आहे! १९३९ला मंगोलियाच्या सीमेवर खल्खिन गोलच्या लढाईत याच तोफांनी जपानी रणगाडे फोडले. माझ्या शेजाऱ्याकडे हलके रणगाडे आहेत. समोर रणगाडा आला तर माझ्या पोरांनी मशीनगनने त्याचा रंग खरवडायचा का?

चासीनंबर
बीए-१०ला सहा चाकं होती, वजन ५ टनांच्या आसपास, चिलखत साधारण १० मिमी, वेग पन्नाशीच्या थोडा वर. चिखलात मागच्या चाकांवर रणगाड्यासारखे पट्टे चढवावे लागत. तुम्ही लिहिलंय चार चाकं, १५ मिमी आणि ८०. उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

घाटवाट
तुम्ही तोफेवर भांडताय, पण ही गाडी वळणार कुठे ते कुणी बोलत नाही. मी बरीच वर्षं ट्रक चालवलाय. एकदा पावसाळ्यात रात्री घाटात पुढे दरड आलेली, मागे वळायला जागा नाही. क्लीनर खाली उतरून मागून फाळक्यावर थापा मारत होता. एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे थांब. एका बाजूला दरी. तास दीड तास असा रिव्हर्स घेतला. आता वरून गोळ्या येतायत आणि क्लीनर उतरू शकत नाही, असं धरा. गाडी गेली आणि आतली माणसंही गेली.

म्हणून मागच्या तोंडालाही चालक हवा, त्याचं वेगळं स्टिअरिंग हवं. फ्रेंचांच्या पानार १७८ या चिलखती गाडीला होता. पोलंडच्या १९२९च्या उर्सूस गाडीला होता. ऑस्ट्रियाच्या आठ चाकी एडीजीझेडला होता, जर्मनांच्या २३१ नंबरच्या चिलखती गाडीला होता. एवढ्या सैन्यांना एकच गोष्ट सुचली, ती काही उगाच नाही.

काडतूस
साफ असहमत. १९३१च्या गरीब देशात चालक कुठून आणणार? एकेक चालक तयार करायला महिने लागतात आणि तुम्ही प्रत्येक गाडीत दोन बसवताय. शिवाय स्टिअरिंगचा दांडा मागपर्यंत नेला की जोड वाढले, जोड वाढले की चाकाला खेळ आला. माझ्या टेम्पोची बॉडी एका गॅरेजवाल्याने न विचारता मागे वाढवून दिली होती. पुढचा भार हलका झाला, स्टिअरिंग तरंगायला लागलं. तक्रार केली तर म्हणाला, सवय होईल. पैसे शेवटपर्यंत परत दिले नाहीत. गाडीची मूळ रचना बदलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

घाटवाट
तुमच्या गॅरेजवाल्याचा राग माझ्यावर का काढताय? भरलेली गाडी अंधारात रिव्हर्स घेतली आहे का कधी? नसेल तर हा सल्ला देऊ नका.

काडतूस
मुद्दा संपला की माणसावर यायचं, हे बंद करा. उत्तर मुद्द्याला द्या. ब्रिटिश डेमलर कंपनीच्या डिंगो या टेहळणीच्या गाडीला एकच चालक, पण पाचही गिअर मागच्या दिशेलाही चालायचे. पुढे जितकी पळते तितकी मागे पळते. पहिल्या डिंगोची चारही चाकं वळायची. नवख्या चालकांना ती आवरेना, म्हणून पुढे मागच्या चाकांचं वळणं काढून टाकलं. लढाईत साधी रचनाच टिकते.

घाटवाट
डिंगो दोन माणसांची छोटी गाडी, आणि आली १९३९च्या सुमारास. तुमच्या १९३१च्या ट्रकला मागे जायला एकच गिअर असणार. सगळे गिअर उलटे चालवणारी गिअरबॉक्स त्या देशात कोण बनवणार, ते सांगा.

काडतूस
एवढं मान्य. १९३१ला ती गिअरबॉक्स मिळणार नाही. दोन चालक तरीही नाहीत.

नगरकरीण
एवढे प्रतिसाद रिव्हर्सवर गेले, आणि त्या देशात डोंगर आहे की वाळवंट हे अजून कुणी विचारलं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीसाठी १९२०च्या दशकात क्रॉस्ली चिलखती गाड्या आल्या. डोंगरावरून नेम धरणारे होते म्हणून बुरूज घुमटासारखा गोल, गोळी निसटून जावी म्हणून. उन्हाने माणसं भाजून निघू नयेत म्हणून आतून अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर. पुढे चासी झिजल्या तेव्हा १९३९ला त्याच बॉडी शेवरलेच्या चासीवर चढवल्या. पोलाद टिकलं, चासी गेली. बॉडी बोल्ट काढून उचलता आली पाहिजे, ही माझी पहिली अट असेल.

आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी उभी आहे. तिच्यासमोर उभं राहून चालकापुढची झडप बघा. ती लावून घेतली की उरते एक फट. त्या फटीतून पुढचा रस्ताच जेमतेम दिसणार, मागचा तर नाहीच. त्यामुळे घाटवाट यांचं म्हणणं मला पटतं.

रणवेडा
बरं. पुढे १० मिमी, बाजू आणि मागे ८, वर ५. मशीनगन एकच. तोफ सोडणार नाही, कितीही बोला.

चासीनंबर
आता पोलाद १.६ टनांवर आलं. ८ मिमीचा कठीण केलेला पत्रा साधी रायफलची गोळी अडवतो, चिलखतभेदी गोळी नाही, हे तुमच्या सेनापतींना आधीच सांगून ठेवा. तोफ ठेवायचीच तर सहा चाकं घ्या आणि ताशी ५० धरा. बुरूज आणि गोळ्यांचं वजन वेगळं मांडा, मी तपासतो. मागच्या चालकाचं अजून ठरवलेलं नाही.

घाटवाट
ते आधी ठरवा. सहा चाकं म्हणजे गाडी आणखी लांब. अरुंद पुलावर ती वळवता येणार नाही, तिथेच टाकून पायी यावं लागेल. मागचं स्टिअरिंग काढलंत तर बाकीचे आकडे तपासण्यात मी वेळ घालवणार नाही.