क्षमा आणि जन्मठेप

‘ख्रिस्ती क्षमा म्हणजे गुन्हेगाराला मोकळं सोडणं’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कॅथलिक नन सिस्टर राणी मारियांचं उदाहरण पाहा. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात त्या आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायला झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांना भोसकून मारलं. मारेकरी समंदर सिंहला जन्मठेप झाली, क्षमा खटल्याच्या आड आली नाही.

पुढे त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, आणि २००६मध्ये तो सुटला. म्हणजे अकराएक वर्षं तुरुंगात काढूनच! माझ्या मते क्षमेचा हक्क ज्यांचं माणूस गेलं त्यांचाच. बाहेरच्यांनी, अगदी चर्चनेही, त्यांच्यावर ती लादू नये.